जुन्या ट्रकच्या नव्या दरवाजावर जुनं ऊन कसं उतरवायचं

जुन्या ट्रकचा एक दरवाजा खालून सडलेला असतो. मिस्त्री सडका भाग कापतो, नवा पत्रा जोडतो, वेल्डिंग घासून सपाट करतो आणि वर रेड ऑक्साइड (रंगाखालचा लाल प्रायमर) मारतो. काम चोख होतं. पण त्यावर डब्यातला ताजा रंग चढला की पन्नास वर्षं ऊन खाल्लेल्या केबिनशेजारी तो दरवाजा परका वाटतो. मग एक तर सगळी गाडीच खरवडून नव्याने रंगवायची, नाहीतर जुना रंग आहे तसा राखून फक्त नव्या पत्र्याला त्याच्या वयाचं करायचं. हा लेख दुसरी वाट धरणाऱ्यांसाठी आहे. आजवर स्प्रे गन हातात न धरलेल्या माणसालाही हे जमतं, फक्त घाई चालत नाही.

आधी एक गोष्ट ठामपणे सांगतो. अस्सल जुना रंग अजून पत्र्याला धरून असेल तर त्याला हात लावू नका. कितीही उडालेला, डागाळलेला असला तरी तो धुवा, सुकवा आणि राखा. खाली सांगितलेलं सगळं काम नव्या पत्र्यासाठी, बदललेल्या मडगार्डसाठी किंवा मधे कधीतरी कुणी भलताच रंग फासलेल्या भागासाठी आहे.

आपल्याकडची गाडी म्हातारी कशाने होते

नवशिके इथेच फसतात. लालभडक गंज चढलेल्या परदेशी ट्रकांचे फोटो पाहून ते दरवाजावर जिथे तिथे गंज उमटवतात. तसा गंज ओल्या हवेचा असतो, समुद्रकाठचा किंवा हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांचा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पाऊस बेताचा, वर्षाचे बरेच महिने हवा कोरडी आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास. इथला रंग मुख्यतः उन्हाने जातो. गंज येतो तोही पाणी अडून राहतं तेवढ्याच जागी.

उन्हातले अतिनील किरण रंगाला बांधून ठेवणारं तेल आणि रेझिन तोडतात. बांधणी सुटली की रंगाची पूड मोकळी होते. जुन्या बोनेटवर बोट फिरवलं की बोटाला लागते ती हीच. ऊन वरून पडतं, त्यामुळे टप आणि बोनेटचा वरचा भाग आधी जातो, दरवाजाचा उभा पत्रा नंतर. खान्देश साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो, पुढे काही आठवडे थोडा उत्तरेकडे जातो आणि बाकी वर्षभर दक्षिणेकडूनच तापतो. म्हणून वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या राहिलेल्या ट्रकची दक्षिणेची आणि पश्चिमेची बाजू जास्त उडालेली सापडते. तुमची गाडी कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून उभी असायची हे जुन्या मालकाला विचारून घ्या. डावा दरवाजा उजव्यासारखा दिसायला हवा की नको, याचं उत्तर तिथे मिळतं.

उन्हाखालोखाल रंग खातो तो माणसाचा हात. ड्रायव्हरचं कोपर खिडकीच्या कडेवर, क्लीनरची बोटं दरवाजाच्या मुठीभोवती, चपला पायदानावर, ताडपत्रीचा दोर हौद्याच्या कडेला. या जागा घासून गुळगुळीत होतात, तिथे गंज नसतो. पाणी तिसरं. ते टपाच्या पन्हळीत, पुढच्या काचेच्या रबराखाली आणि दरवाजाच्या तळाशी साठतं. शेवटी धूळ. काळ्या मातीची बारीक भुकटी प्रत्येक सांध्यात जाऊन बसते.

एवढं समजलं की पुढचं सगळं काम एका प्रश्नावर चालतं: ही खूण इथे कशाने पडली असती? उत्तर सुचत नसेल तर ती खूण काढू नका.

गाडी वाचायला बसा

पहिला दिवस फक्त बघण्यात घालवा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी तिरप्या उन्हात एकदा चारही बाजूंचे फोटो काढा. दुपारचे फोटो कामाचे नाहीत, डोक्यावरच्या उन्हात सगळे उतार-चढाव पुसले जातात.

मग ओल्या बोटाची परीक्षा. उडालेल्या रंगावर पाण्याचा थेंब लावून बोट फिरवा. रंग क्षणभर गडद झाला, तर खालचा मूळ रंग शाबूत आहे आणि फिकेपणा वरच्या पुडीचा आहे. ओलं करूनही फिकाच राहिला, तर रंगद्रव्यच उन्हाने मेलेलं आहे. जुन्या लाल रंगांत हे बरेचदा दिसतं. पहिल्या प्रकारात मूळ गडद रंग देऊन वरची चमक घालवायची असते, दुसऱ्यात रंगच फिका कालवावा लागतो. हा फरक न तपासता डब्यात पांढरा ओतणारे लोक दरवाजा गुलाबी करून बसतात.

यानंतर थरांची खिडकी उघडा. सीटमागे किंवा बिजागरीजवळ, कुणाला दिसणार नाही अशा जागी रुपयाच्या नाण्याएवढा भाग पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने (नंबर मोठा तितका कागद बारीक) घासा. मध्यभागी ४०० नंबरने पत्र्यापर्यंत जा, बाहेर येताना दाब कमी करत ८०० आणि १५०० वर संपवा. झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखे एकेक थर गोलात उघडे पडतात: पत्रा, प्रायमर, कंपनीचा रंग, पुढच्या मालकाचा रंग, त्यावर आणखी एखादा. हे थर खालून वर क्रमाने लिहून घ्या. नव्या पत्र्यावर तुम्हाला हेच थर याच क्रमाने चढवायचे आहेत.

एक गोष्ट इथल्या ट्रकबाबत विसरू नका. टेल्कोने (पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीने) डायमलर-बेंझशी करार करून १९५४ साली ट्रक बनवायला सुरुवात केली आणि १९६९ पर्यंतच्या गाड्यांच्या जाळीवर मर्सिडीझचा तीन टोकांचा तारा असायचा. त्या काळात आणि नंतरही कितीतरी ट्रक चॅसी आणि पुढचं नाक एवढेच विकले जायचे, केबिन आणि हौदा गावोगावचे बॉडी बिल्डर लाकडावर पत्रा ठोकून बांधायचे. त्यामुळे एकाच गाडीवर दोन प्रकारचं म्हातारपण असतं. बोनेट कारखान्याचं, त्यावरचा रंग सलग उडतो. केबिन लाकडाची, लाकूड फुगतं-आकसतं, म्हणून सांध्यांवर आणि खिळ्यांच्या डोक्यांवर रंगाला उभ्या भेगा पडतात. बोनेट बघून केबिनचा दरवाजा रंगवलात तर तो जुळणार नाही.

सामान

जवळच्या रंगाच्या दुकानात आणि हार्डवेअरमध्ये सगळं मिळतं. १८० पासून १५०० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, हिरवी स्कॉच-ब्राइट (घासायची जाळी), रेड ऑक्साइड प्रायमर, पुट्टी, एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आणि त्याचा थिनर, सिंथेटिक इनॅमल आणि टर्पेंटाइन, मास्किंग टेप, मेणबत्ती, व्हिनेगर, खायचा सोडा, काव (गेरू), मॅट क्लिअर (चमक नसलेलं पारदर्शक आवरण), सुती चिंध्या. भंगारातून एक जुना पत्राही आणा. प्रत्येक पायरी आधी त्या पत्र्यावर करायची, मग दरवाजावर.

जीव सांभाळून

जुन्या रंगांत शिसं असतं. शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग, आणि तो पूर्वी लोखंडावर प्रायमर म्हणून लागायचा. जुन्या पिवळ्या रंगांतही शिसं असायचं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग इतकी खाली आणणारा नियम २०१६ चा आहे, म्हणजे तुमच्या ट्रकचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून जुना रंग कधीही कोरडा घासू नका. पाणी लावूनच घासा, खाली प्लास्टिक अंथरा, गाळ गोळा करून वेगळा ठेवा. शेतात किंवा नाल्यात सोडू नका. कामाच्या हातांनी चहा-बिडी नको. कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका आणि लहान मुलांना आसपास फिरकू देऊ नका.

एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. हार्डनर घालायचे दोन डब्यांचे रंग आणि क्लिअर यांत आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना कायमचं इजा करू शकतं. बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय त्यांची फवारणी करू नये. नवशिक्याने ते घेऊच नयेत, या कामाला त्यांची गरजही नाही.

ऋतू निवडा

दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की रंग पसरायच्या आत थिनर उडून जातो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात उलट त्रास. हवेतली ओल एनसी रंगात अडकते आणि वर पांढुरकी साय धरते. हिवाळ्यातही सकाळी दव पूर्ण वाळल्यावर सुरू करा आणि दुपारी वारा उठायच्या आत आवरा.

थर चढवणं

नवा पत्रा थिनरच्या चिंधीने पुसून तेलकटपणा काढा. १८० ने हलका घासा, रेड ऑक्साइडचे दोन पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. पुट्टी लागेल तिथे कमीत कमी भरा. जुन्या केबिनचा पत्रा कधीच आरशासारखा सपाट नसतो, हातोडीच्या खुणा थोड्या राहू द्या. फार गुळगुळीत दरवाजा रंग जुळला तरी ओळखू येतो.

आता थरांच्या खिडकीत दिसलेले थर. रंगांचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. एनसीचा थिनर जहाल असतो. तो ताज्या इनॅमलवर पडला की खालचा थर सुरकुततो आणि उचलला जातो. म्हणून खालचे थर एनसीचे करा आणि सर्वांत वरचा इनॅमलचा. एनसीवर इनॅमल बिनधास्त बसतं. एनसी दुसऱ्या दिवशी घासता येतं, इनॅमलला मात्र हिवाळ्यात आठवडाभर तरी द्या. वरून कोरडं वाटलं तरी आत मऊ असतं आणि कागदाला गोळे धरतात.

वरचा थर मारण्याआधी मेणबत्ती हातात घ्या. जिथे रंगाचे टवके उडालेले दाखवायचे आहेत तिथे खालच्या थरावर मेण घासा: दरवाजाची खालची कडा, पुढच्या चाकामागे जिथे खडी उडून लागते ती जागा, बिजागरीचे कोपरे. मेणावर वरचा रंग धरत नाही. वाळल्यावर नखाने किंवा लाकडी पट्टीने खरवडला की टवका खऱ्यासारखा वाकडातिकडा निघतो. ब्रशने काढलेले टवके एकाच मापाचे होतात आणि लगेच उघडे पडतात. मेणाचा उरलेला अंश पुढच्या कामाआधी टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसून घ्या.

वरून पडणारं ऊन

या कामाचा जीव इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दरवाजावर मूळ गडद रंग चढून वाळला. आता त्याच रंगाची फिकी आवृत्ती कालवा. नुसता पांढरा घालू नका. पांढऱ्याबरोबर थोडी काव किंवा पिवळसर माती-रंग घाला, कारण उन्हाने उडालेला रंग कोरडा आणि किंचित मातकट होतो. निळ्यात पांढऱ्यासोबत चिमूटभर करडा चालतो. कालवलेला रंग वाळल्यावर बदलतो, तेव्हा भंगारच्या पत्र्यावर लावून दुसऱ्या दिवशीच, गाडीशेजारी धरून, बाहेरच्या उजेडात पाहा.

हा फिका रंग नेहमीपेक्षा पातळ करा. दरवाजा गाडीवर जसा बसतो तसाच उभा ठेवा. स्प्रे गन दीड-दोन फुटांवर, वरच्या बाजूला धरा, म्हणजे ऊन जिथून यायचं तिथे. तिथून अगदी हलकं धुकं खाली सोडा. गन समोरून धरायची नाही. खिडकीची कडा, पत्र्याच्या उठावदार रेघांची वरची बाजू, मुठीचा माथा या जागा आपोआप फिक्या होतात आणि रेघांच्या खालची सावली गडद राहते. हे हाताने रंगवून साधत नाही. दोन-तीन हलके हात द्या, प्रत्येक हातानंतर दहा पावलं मागे जाऊन पाहा. थोडं कमी वाटतं तिथेच थांबा, पुढचं घासणं आणि मॅट क्लिअर त्यात भर घालतं.

दरवाजावर पूर्वी अक्षरं असतील तर धुकं सोडण्याआधी त्यांचा विचार करा. मालकाचं नाव, गाव, ‘कानबाई माता प्रसन्न’ अशी अक्षरं पेंटरने हाताने काढलेली असायची. पुढे अक्षर झडतं, पण त्याच्याखालचा रंग इतकी वर्षं उन्हापासून वाचलेला असतो, म्हणून अक्षराचा आकार गडद उरतो. ही अक्षराची सावली आणायची तर मास्किंग टेपमधून अक्षरं कापून चिकटवा, धुकं सोडा आणि टेप काढा. दुसऱ्या दरवाजावर अस्सल अक्षरं उरली असतील तर त्यांचाच ट्रेसिंग पेपरवर छाप घ्या. संगणकावरचा फॉन्ट वापरू नका, हाताच्या अक्षराची वळणं त्यात येत नाहीत. आणि गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ नव्याने लिहू नका, महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्यावर बंदी आली.

घासणं

६०० चा ओला कागद घ्या आणि हात जिथे लागतो तिथे घासा. मुठीभोवती बोटांची हालचाल गोल असते, तिथे गोल. खिडकीच्या कडेवर कोपर पुढे-मागे सरकतं, तिथे आडवं. पायदानाच्या कडेला जोर देऊन. मोठा पत्रा ड्रायव्हर रोज फडक्याने आडवा पुसतो, म्हणून तिथे स्कॉच-ब्राइट आडवी आणि हलकी. बहुतेक ठिकाणी खालचा रंग दिसला की थांबा, काही ठिकाणी प्रायमरपर्यंत जा आणि नुसता पत्रा मोजक्या दोन-तीन जागी उघडा करा. थरांच्या कडा १००० ने विरघळवा. कडा धारदार राहिल्या तर घासणं कालचं वाटतं.

गंज, थोडाच

मीठ, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून झटपट गंज चढवायची कृती सर्रास सांगितली जाते. माझा तिला विरोध आहे. मिठातला क्लोराइड गंजात मुरतो, धुऊनही पूर्ण जात नाही आणि रंगाखालून पत्रा खात राहतो. ते मिश्रण बंद बाटलीत ठेवलं तर वायूने बाटली फुटूही शकते. संडासचं ॲसिड तर गॅरेजमध्ये आणूच नका, त्याच्या वाफेने शेजारची हत्यारं गंजतात. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन सुटतो.

उघड्या पत्र्याच्या त्या दोन-तीन जागांवर नुसतं व्हिनेगर लावा आणि वर ओलं गोणपाट टाका. आपल्या कोरड्या हवेत ते दिवसातून दोन-तीनदा ओलं करावं लागतं. हवा तेवढा तांबूस रंग आला की सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, आणि उन्हात कडक वाळवा. केबिन लाकडावर बांधलेली असेल तर हे काम दरवाजा उतरवूनच करा, लाकडात ओल मुरली की आतून सड सुरू होते.

बाकी गंज रंगवायचा. काव टर्पेंटाइन आणि थोड्या मॅट क्लिअरमध्ये कालवा. पन्हळीच्या टोकाला, बोल्टाच्या डोक्याखाली, रबराच्या कोपऱ्यात टिपका ठेवा आणि टर्पेंटाइनची चिंधी वरून खाली एकदाच ओढा. ओघळ नेहमी सरळ खाली आणि खाली जाताना फिका.

चीक आणि माती

रावेर, सावदा, यावलकडे केळी वाहिलेल्या ट्रकच्या फाळक्याच्या फळ्यांवर काळपट तपकिरी डाग असतात. तो केळीचा चीक, कपड्यावर पडला तरी जात नाही. असे डाग अस्सल असतील तर कृपा करून खरवडू नका. नवी फळी बसवली असेल तर घडाच्या ताज्या दांड्याचा चीक तिला लावून उन्हात ठेवा.

माती शेवटी. काळी माती वाळवून, मलमलीतून गाळून, कोरड्या ब्रशने सांध्यांत, बिजागरीत आणि जाळीत भरा. वरची फडक्याने पुसा, आतली राहू द्या.

वरचं आवरण

अळशीचं तेल चोळायची पद्धत जुनी आहे आणि सुरुवातीला सुंदर दिसते. पण ते सावकाश वाळतं, तोवर आपल्याकडची सगळी धूळ ओढून घेतं आणि पुढे पिवळं पडतं. शिवाय त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेटू शकतात. वापरल्याच तर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. मी मॅट क्लिअरचे दोन पातळ हात पसंत करतो, उघड्या पत्र्यावर आणि गंजाच्या जागी एक जास्तीचा. चमक जुन्या केबिनपेक्षा जास्त वाटली तर पूर्ण वाळल्यावर स्कॉच-ब्राइटने हलकी मारा.

उरलेली कामं

दरवाजाच्या आतल्या बाजूला बारीक ब्रशने लिहा: कोणता पत्रा बदलला, कोणते थर दिले, कोणत्या साली. गाडी पुढे कधी विकली तर घेणाऱ्याला हे दाखवा, नव्या कामाला अस्सल जुनं म्हणून पैसे घेणं ही फसवणूक आहे. गाडीचा मुख्य रंगच बदलणार असाल तर आरसी बुकातल्या नोंदीसाठी आरटीओत जावं लागेल, एका दरवाजाच्या दुरुस्तीला त्याची गरज नाही.

पहिले दोन महिने पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. पॉलिश आणि रबिंग कंपाउंड तर कधीच नाही, एका दुपारीत सगळं काम उतरवून टाकतील. ओल्या फडक्याने पुसणं पुरे. आणि मृगाच्या आधी दरवाजाच्या तळाची पाणी निघायची भोकं तारेने साफ करा. आपल्याकडे त्यांत माती आणि कापसाची रुई गच्च बसते, आणि जुना दरवाजा सडतो तो तिथूनच.